सेन्सर शिकायचाय? आधी त्याच्यावरचा नंबर वाचा

नुसतं ‘सेन्सर प्रोजेक्ट’ शोधलं की दिखाऊ व्हिडिओच जास्त येतात. त्यापेक्षा भागावर छापलेला नंबर, म्हणजे तापमानाच्या सेन्सरचा एलएम३५ किंवा मोटर ड्रायव्हरचा (मोटर चालवणाऱ्या सर्किटचा) एल२९८एन, आणि पुढे ‘डेटाशीट’ टाका. किती व्होल्ट चालतात, कोणती पिन कशाची, सगळं त्यात असतं. हे भाग जोडून चालवायच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचे, म्हणजे आर्डुइनोचे धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ वेबसाइटवर फुकट आहेत. गावात रेंजचा भरवसा नाही, तालुक्याला गेलात की उतरवून घ्या.

सोलर पॅनलच्या मागचं लेबलही वाचाच. त्यावरचे वॅट पॅनलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचे. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात पॅनलचं तापमान ६५ च्या घरात जातं आणि सिलिकॉन पॅनल दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वॅट गमावतं. तेव्हा दुपारी पॅनलवर चालणारी मोटर मंदावली, तर लगेच ‘जळाली’ म्हणून खोलत बसू नका. सकाळच्या गारव्यात पुन्हा लावून बघा.