डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं की दवाखान्यात जायचं?

चंदगड-आजऱ्याहून तपासणीसाठी कोल्हापूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लागल्यावर बोलणं होतं जेमतेम पाच-दहा मिनिटं. त्यामुळे व्हिडिओवर होणारं काम व्हिडिओवरच उरकावं. फक्त ते कोणतं, हे कॉल लावण्याआधी ठरवा.

डॉक्टरांना तुमचं ऐकायचं आहे, आकडे बघायचे आहेत आणि गोळ्या कमी-जास्त करायच्या आहेत, तर व्हिडिओ पुरतो. बीपी, शुगर, थायरॉईडची फेरतपासणी किंवा रिपोर्ट समजून घेणं यात बसतं. हात लावून, दाबून, स्टेथोस्कोपने ऐकून निदान करायचं असेल तर जावंच लागतं: पोटदुखी, नवी गाठ, कानदुखी, तान्ह्या बाळाचा ताप. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, धाप लागणं, साप चावणं यात कॉल जोडत बसू नका, १०८ ला फोन करा. सापाचा फोटो काढण्यातही वेळ घालवू नये.

दवाखान्यात नर्स बीपी आणि वजन बघते. व्हिडिओवर ते काम तुमच्याकडे येतं, आणि बहुतेक कॉल इथंच फसतात. ‘बीपी तसं बरं असतं’ या वाक्यावर कोणी डोस बदलत नाही. आधीचे ७ दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी बीपी मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. जास्त आलेला आकडा वगळायचा मोह अनेकांना होतो. डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो. शुगर उपाशीपोटीची की जेवणानंतर दोन तासांची, तेही लिहा.

गोळ्यांची नावं आठवून सांगू नका. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स समोर घेऊन बसा, वैद्यांचे काढे-चूर्णंसुद्धा. पायाला सूज असेल तर नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून धरा आणि खड्डा पडतो का ते कॅमेऱ्याला दाखवा. दम्याचा पंप किंवा इन्सुलिन कसं घेता, तेही करून दाखवा. घेण्याची पद्धत चुकत असेल तर ती घरच्या उजेडात छान पकडता येते.

पुरळ किंवा जखमेचा फोटो आधीच पाठवा. तो दिवसाउजेडी काढा आणि मोबाईलचा ब्युटी फिल्टर बंद ठेवा, नाहीतर लालसरपणाच पुसला जातो. एक फोटो लांबून, एक जवळून आणि शेजारी आकारासाठी नाणं. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर बारकावे टिकतात.

बसताना खिडकी समोर हवी. पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर डब्याला टेकवून ठेवा आणि इअरफोन लावा. आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरांचे ओठ दिसणं गरजेचं, म्हणून मोठा स्क्रीन घ्या. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलू लागतात. डॉक्टरांचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबा.

दवाखान्यात उठता उठता, दारापाशी पोचल्यावर ‘अजून एक सांगायचं होतं’ म्हणता येतं, आणि खरी तक्रार बऱ्याचदा तीच निघते. व्हिडिओवर दारच नसतं, कॉल संपला की संपला. म्हणून महत्त्वाच्या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि त्यातली सर्वांत अवघड पहिल्यांदा बोला.

एक अडचण डॉक्टरांनाही लवकर कळत नाही. केबिनमध्ये ते नातेवाइकांना बाहेर बसवू शकतात. मोबाईलच्या मागे सासूबाई बसल्यात की नवरा, हे त्यांना दिसत नाही. खोलीत कोण आहे ते सुरुवातीलाच सांगा. कोणासमोर मोकळं बोलता येणार नसेल तर ‘हो-नाही एवढंच उत्तर देता येईल असं विचारा’ असा मेसेज आधी टाकावा. अंगावरून पाणी जाणं, दारू, मारहाण, मनाची घालमेल यांवर बोलायला खाजगी जागा मिळत नसेल, तर दवाखाना परवडला.

२५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. मॉर्फीनसारखी औषधं अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. त्यांसाठी अडून बसू नका. शेवटी कोणती गोळी, किती, कधी आणि किती दिवस हे तुमच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा, आणि काय झालं तर थेट यायचं तेही विचारून घ्या.

गगनबावडा, शाहूवाडीकडे रेंज दगा देते. कॉल तुटला तर कोण कोणाला फोन करणार, हे पहिल्या मिनिटात ठरवून टाका. घरी मोजमापाची सोय नसेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात जा: तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर मोजून ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर डॉक्टर जोडून देतात, आणि ते मोफत असतं. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडून रस्ते बंद झाले की हा मार्ग विशेष कामाचा, तेव्हा उपकेंद्राचा नंबर जूनआधीच मोबाईलमध्ये साठवा.