न्यूझीलंडमधील बीच लाकूड: कार्यशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडमध्ये फर्निचरच्या कार्यशाळेत उमेदवारीला येणाऱ्या मराठी मुलांना मी सुरुवातीलाच बजावतो की नुसते ‘बीच द्या’ म्हणून वखारीतून लाकूड उचलू नका. युरोपातील बीच वेगळ्या कुळातील आहे. येथील झाडे नोथोफॅगस गटातील असून त्यांचे भाऊबंद टास्मानिया, चिली, अर्जेंटिना आणि न्यू गिनीत सापडतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2013 साली या गटाचे चार भाग पाडले, परंतु नव्या शास्त्रीय नावांशी वखारवाल्याला काही देणेघेणे नाही. तेथे मुख्यतः दोन लाकडे मिळतात, सिल्व्हर बीच आणि रेड बीच, आणि त्यांचे स्वभाव इतके निराळे आहेत की एकाच्या जागी दुसरे वापरणे परवडत नाही.

सिल्व्हर बीच प्रामुख्याने साउथलंडकडून, म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाकडील प्रदेशातून येते. रंग फिकट गुलाबी-तपकिरी, पोत बारीक आणि एकसारखा, वजन घनमीटरला साधारण 550 किलो, म्हणजे आपल्या सागवानापेक्षा हलके. धारदार रंध्याखाली त्याची ढलपी सलग निघते, लेथवर ते सुरेख वळते आणि वाफ देऊन चांगले वाकवताही येते. म्हणून खुर्च्या, ब्रशांच्या मुठी आणि हत्यारांचे दांडे यांसाठी त्याचा वापर होत आला आहे. मात्र सागवानाच्या सवयीने ते अंगणातल्या बाकासाठी कोणी निवडले, तर फसगत ठरलेली, कारण पावसात ते टिकत नाही.

बाहेरच्या कामासाठी रेड बीच घ्यावे. ते अधिक जड (600 ते 650 किलो), लालसर आणि टिकाऊ असून पूर्वी त्याचे रेल्वे स्लीपर, कुंपणाचे खांब आणि पुलांच्या तुळया होत असत. आता ते घरातील जमिनीच्या फळ्या आणि डेक, म्हणजे घराबाहेरचा लाकडी ओटा, यांसाठी जाते. टिकाऊपणा मात्र गाभ्याच्या लाकडाचाच असतो, सालीलगतच्या फिकट थराचा नव्हे, त्यामुळे डेकच्या फळ्या निवडताना तो थर वेगळा काढावा.

रेड बीचची खरी कसोटी सुकवताना लागते. या लाकडातून पाणी फार सावकाश बाहेर पडते आणि घाईने भट्टीत घातले तर आतल्या पेशी चेपल्या जातात. मग फळीचा पृष्ठभाग नालीदार पत्र्यासारखा लहरी होतो आणि पोटात भेगा पडतात. लहरी रंध्याने निघून जातात, भेगा जात नाहीत. फळी वरून निर्दोष दिसते आणि कुसू, म्हणजे सांध्यात बसणारी जीभ, कापताना आतली पोकळी उघडी पडते. म्हणून फळ्यांमध्ये पट्ट्या देऊन थप्पी लावणे, ती सावलीत आणि वाऱ्याशी ठेवणे, जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष देणे आणि शेवटचा ओलावा तेवढा भट्टीत काढणे, हा जुना क्रमच मला योग्य वाटतो. खरेदी करताना टोक पाहून समाधान मानू नये, कारण टोक आधी सुकते. शक्य असेल तर नमुन्याची फळी टोकापासून हातभर आत कापून छेद उजेडात पाहावा. ओलावामापकाचा आकडाही जसाच्या तसा धरू नये. त्यावर लाकडाच्या जातीनुसार दुरुस्ती करावी लागते, आणि गरम ठेवलेल्या घरातील फर्निचरसाठी दुरुस्त आकडा 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास असावा.

फळीवर टाचणीएवढी काळ्या कडांची छिद्रे दिसली म्हणून ती लगेच बाद करू नका. येथील पिनहोल भुंगेरा उभ्या झाडाला पोखरतो, आणि त्याच्याबरोबर आलेल्या बुरशीने छिद्राभोवती डाग पडतो. सुकलेल्या लाकडात तो जगत नाही, त्यामुळे कीड घरभर पसरण्याची भीती नसते. अशा फळ्या जमिनीसाठी मुद्दाम मागणारी गिऱ्हाइकेही आहेत. मात्र हे काम स्वीकारण्यापूर्वी गिऱ्हाइकाला नमुना दाखवलेला असावा.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील (वेस्ट कोस्ट) सरकारी जंगलांतील देशी झाडांची तोड 2002 साली थांबली. खासगी जमिनीवरील देशी झाडांचे लाकूड, 1949 च्या वन कायद्यात 1993 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मंजूर आराखडा किंवा परवाना असेल तरच गिरणीत कापता येते. त्यामुळे पुरवठा मर्यादित असतो. मोठ्या कामाचा भाव देण्याआधी त्या जाडीचा सुकलेला माल वखारीत खरोखर पडून आहे का, याची फोनवर खात्री करून घ्यावी.