पहिल्या मधपेटीचा हंगाम: राणी नको, अंडी शोधा

मोठा फुलोरा सुरू झाल्यावर वसाहत (राणी आणि तिच्या माश्यांचं कुटुंब) आणली तर उशीर झालेला असतो. नव्या पेटीत माश्यांना आधी पोळी बांधावी लागतात, आणि मेण तयार करण्यात बराच मकरंद खर्ची पडतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या तीन-चार आठवडे आधीच वसाहत जागेवर हवी. जमल्यास एका जातीच्या दोन वसाहती घ्या. एकीत बिनसलेलं दुसरीशी ताडून पाहिल्याशिवाय नवख्याच्या लक्षात येत नाही, शिवाय राणी गेलेल्या पेटीला दुसरीतली अंड्यांची चौकट (लाकडी चौकटीतलं पोळं) देता येते. पुढचे आकडे मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीचे आहेत. सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी लहान असते आणि तिच्या मेणपत्र्यावरची (चौकटीत बसवायच्या, घरांचे ठसे असलेल्या मेणाच्या पातळ पत्र्यावरची) घरंही बारीक असतात. एकीचं सामान दुसरीला चालत नाही.

पेटीचं दार सकाळच्या उन्हाकडे ठेवा, दुपारी सावली असू द्या. दारासमोर वाट नको. असलीच तर मध्ये दोन मीटर उंच झुडपं किंवा जाळी लावा, म्हणजे माश्या माणसांच्या डोक्यावरून उडतात. घोडीचे (पेटीखालच्या स्टँडचे) पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. पेटी किंचित पुढे झुकलेली असावी, आत पाणी साचत नाही. पसरट भांड्यात खडे घालून पाणी पहिल्याच दिवशी ठेवा. माश्यांना एकदा शेजाऱ्यांच्या नळाची सवय लागली की ती मोडणं कठीण.

पेटी सुताराकडून करून घेत असाल तर बाहेरच्या नाही, आतल्या मापांवर नजर ठेवा. चौकट आणि भिंत यांत 6 ते 9 मिमी फट लागते. कमी झाली तर माश्या ती डिंकाने चिकटवतात, जास्त झाली तर तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात. दहा चौकटींच्या पेटीत म्हणूनच दहाच्या दहा चौकटी घाला. हात फिरायला जागा हवी म्हणून एक काढून ठेवणं हमखास महागात पडतं.

वसाहत संध्याकाळी पेटीत घाला आणि दार दोन-तीन सेंटिमीटरच उघडं ठेवा. वजनाने साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक पेटीच्या आत, अंधार पडता पडता द्या. बाहेर सांडला तर इतर वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, त्याने हगवण लागते. विकतचा मध तर मुळीच नको, त्यातून पिल्लं सडवणाऱ्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात. राणी पिंजऱ्यात आली असेल तर चौथ्या दिवशी ती बाहेर पडली का एवढंच पाहा आणि पुढे आठवडाभर पेटीला हात लावू नका.

तपासणी उबदार, वारा नसलेल्या दिवशी, कामकरी माश्या बाहेर गेल्या असताना करा. स्मोकरमध्ये (धूर सोडायच्या भात्याच्या डब्यात) कोरडं गोणपाट पेटवा. धूर हाताच्या पाठीवर घेऊन पाहा, चटका बसला तर तो माश्यांनाही भाजेल. दारात दोन-तीन फुंकी मारून मिनिटभर थांबा. पहिली चौकट कडेची काढा आणि बाजूला ठेवा. मधलीच ओढली तर माश्या दोन पोळ्यांमध्ये रगडल्या जातात, आणि त्यात राणीही असू शकते.

सूर्य पाठीमागे घ्या, म्हणजे उजेड घराच्या तळाशी पोचतो. तिथे अंडं दिसेल: पांढरं, जेमतेम दीड मिलिमीटरचं, सुईच्या टोकासारखं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलत जातं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि त्यातून अळी निघते. म्हणजे अंडी दिसली तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत नक्की होती. हजारो माश्यांत तिला हुडकत पेटी अर्धा तास उघडी ठेवू नका. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर मात्र राणी जाऊन बरेच दिवस झाले आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या असं समजा.

फुलोऱ्यात दर सात दिवसांनी बघा. अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघराचं (नवी राणी वाढते त्या घराचं) तोंड बंद होतं, आणि त्याच सुमारास जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन निघून जाते. दहापैकी सात-आठ चौकटी माश्यांनी भरल्या की वर मधकोठी (मध साठवायची वरची पेटी) चढवा आणि पाक बंद करा, नाहीतर मधात साखर भरेल. चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं लोंबताना दिसली तर ती सरसकट खुडू नका. आधी अंडी पाहा. अंडी नसतील तर थवा बहुधा उडून गेला आहे, आणि त्या घरांतच तुमची पुढची राणी आहे. अंडी असतील तर जुनी राणी आणि तीन चौकटी दुसऱ्या पेटीत घालून वसाहत विभागा. हे एकच काम असं आहे की ज्यासाठी राणी सापडावीच लागते.

डंख झाला तर काटा नखाने लगेच खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या. डंखाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्यांना हल्ल्याचं बोलावणं असतो. श्वास लागला, घसा किंवा ओठ सुजले तर तडक दवाखाना.

पहिल्या हंगामात मधाची घाई नको. काढायचाच तर बहुतेक घरं मेणाने बंद झालेल्या चौकटीतलाच काढा. चौकट आडवी धरून झटका दिल्यावर थेंब पडले तर मध कच्चा आहे, तो आंबेल. फुलोरा सरला की दार अरुंद करा आणि दर आठवड्याला पेटी मागून दोन बोटं उचलून पाहा. सहज उचलली गेली, म्हणजे आत मध कमी असला, तर त्याच संध्याकाळी दोन भाग साखर, एक भाग पाणी असा दाट पाक द्या.