रेंडर आणि पावसाचे नकाशे: या चुका टाळा

कॉम्प्युटरवर लेण्यांचं थ्रीडी मॉडेल केलेली मुलं येतात आणि विचारतात, "सर, दगड खरा का वाटत नाही?" बहुतेक वेळा दोष लाइटचा नसतो, टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) कोणत्या कलर स्पेसमध्ये (चित्रातले आकडे कोणत्या नियमाने वाचायचे) वाचलं जातंय, तिथे गडबड असते.

वेरूळच्या खांबाचं एक मॉडेल एका विद्यार्थ्याने फार मन लावून केलं होतं. पण रेंडरमध्ये (मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रात) तो बेसाल्ट तेल चोपडल्यासारखा चकाकायचा. आठवडाभर तो लाइट हलवत बसला. शेवटी फोटोच खराब आले म्हणून पुन्हा वेरूळला निघाला होता. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रफनेस मॅपचा (दगड कुठे किती खडबडीत ते सांगणाऱ्या चित्राचा) नोड, तिथला सेटिंगचा चौकोन, उघडला, तर तिथे रंगीत चित्रांची कलर स्पेस, एसआरजीबी! म्हणजे 0.5 चा खडबडीतपणा सॉफ्टवेअर 0.21 धरत होतं. 'नॉन-कलर' (आकडे जसेच्या तसे वाचणारा पर्याय) निवडलं आणि दगड कोरडा झाला. नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे कसा कललाय ते सांगणाऱ्या चित्रात) हीच चूक झाली, तर सपाट भिंतही तिरपी समजली जाते आणि उजेड भलत्या बाजूने आल्यासारखा दिसतो. एसआरजीबी फक्त रंगाच्या मॅपला. रफनेस, नॉर्मल यांना नॉन-कलर. मी लाइट ठेवण्याआधी एकेक नोड उघडून बघतो. 'पाच मिनिटांत रिअलिस्टिक' शिकवणारे नेमकी हीच पायरी गाळतात, याचा मला राग येतो.

पावसाच्या नकाशाला इंद्रधनुष्यी रंगपट्टी लावू नका. तिच्यात पिवळा सगळ्यांत उजळ, त्यामुळे डोळा जास्त पावसाच्या गडद लाल महसूल मंडळाकडे न जाता पिवळ्याकडे धावतो. पाऊस हळूहळू बदलतो तिथेही सीमा आखल्यासारखी दिसते. आपल्याकडे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी. परभणी-हिंगोलीच्या नकाशात रंग 50 लाच पालटला, तर शेतकऱ्याने काय समजायचं? मी विरिडिस ही गडदपासून उजळकडे सलग जाणारी रंगपट्टी वापरतो (मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून काही न निवडता तीच पट्टी मिळते) आणि 65 ची सीमा वेगळ्या रेघेने दाखवतो. नकाशा एकदा काळा-पांढरा करून बघा. कमी-जास्तीचा क्रम कळला नाही तर पट्टी बदला.

तालुक्याची सरासरी मंडळाच्या नावावर खपवू नका.

थ्रीडी पाय चार्ट नकोच.

रेंडरमधला नॉइझ (चित्रातले दाणे) निम्मा करायचा तर सॅम्पल (प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाचे हिशोब) चौपट लागतात. तेवढा धीर नसतो म्हणून मुलं थोड्याच सॅम्पलवर डीनॉइझर (दाणे पुसणारं साधन) फिरवतात आणि छिन्नीचे घाव पुसले जातात. घाव दिसायला हवे असतील तर मशीन रात्रभर चालू द्या.