माणूस ऐकून एकपात्री कशी बसवायची

एकपात्री बसवायची म्हटलं की आमची मुलं संहिता शोधत हिंडतात. मी त्यांना आधी गल्लीत पाठवते, खऱ्या माणसांचं बोलणं ऐकून आणायला. ही रीत अमेरिकन अभिनेत्री आणि नाटककार ॲना डेव्हिअर स्मिथची, आणि ती तिच्या घरातून आलेली आहे.

ॲनाचा जन्म १९५०चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. त्या शहरात वस्त्या कातडीच्या रंगावरून विभागलेल्या. वडील चहा-कॉफीचे व्यापारी, आई शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. पाच भावंडांत ही थोरली. एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं की आपण तोच होतो, असं आजोबांनी तिला लहानपणी सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतल्यावरही तिने कामाचा पाया केला तो आजोबांच्या या सांगण्याला. पात्राचं दुःख स्वतःच्या आयुष्यात शोधा, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. ॲना उलट्या बाजूने जाते: समोरचा जसा बोलला तसंच बोला, म्हणजे तो तुमच्यात येईल. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते, कारण तीत दुसऱ्याला आपल्यासारखं करून टाकता येत नाही.

तर सुरुवात माणसापासून. ज्याचं म्हणणं तुम्हाला आधीच पटतं तो घेऊ नका. रेकॉर्डिंग करणार आहोत, रंगमंचावर करणार आहोत, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि होकार घ्या. मग विचारायचं काय? ॲनाला एका भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तीन प्रश्न दिले होते. मरण जवळून पाहिलंय का? न केलेल्या गोष्टीचा आळ आलाय का? तुमचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला, ठाऊक आहे? या प्रश्नांपाशी माणसाची घोटलेली वाक्यं संपतात आणि तो बोलता बोलता शब्द शोधायला लागतो. तेच आपल्याला हवं असतं. तोपर्यंत मध्ये बोलू नका. गप्प बसणं मुलांना फार जड जातं.

आता उतरवून काढणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या एका मुलीने इचलकरंजीच्या एका आजोबांशी बोलणं केलं. आयुष्यभर मागावर काम केलेले. संपातल्या मारामारीबद्दल ते म्हणाले, ‘मी नव्हतो तिथं. म्हंजे… होतो. पण, आता काय सांगू, नव्हतोच.’ तिने वहीत लिहिलं, ‘मी तिथे नव्हतो.’ मी तिला रेकॉर्डिंग परत ऐकायला बसवलं. ‘होतो’च्या आधी आजोबा थांबले होते, घसा खाकरला होता, आवाज खाली गेला होता. ते सगळं कागदावर आणा: श्वास थांबला तिथे ओळ तोडा, ‘म्हंजे’ तसंच ठेवा, व्याकरण दुरुस्त करू नका.

मग कानात इयरफोन घालून चालत चालत, मोठ्याने, त्याच लयीत म्हणा. आवाजाची नक्कल करायला जाऊ नका, हशा मिळतो आणि माणूस निसटतो. पोशाखाचं फारसं मनावर घेऊ नका, एक टोपी किंवा उपरणं पुरतं.

एक माणूस जमला की त्याच्या विरुद्ध बाजूचा घ्या. १९९१च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्राउन हाइट्समध्ये ज्यू धर्मगुरूंच्या ताफ्यातल्या गाडीखाली सात वर्षांचा काळा मुलगा गॅव्हिन केटो गेला, आणि काही तासांत यांकेल रोझेनबॉम या ज्यू तरुणाला भोसकून मारलं गेलं. ॲना दोन्ही वस्त्यांतल्या लोकांशी बोलली आणि १९९२मध्ये ‘फायर्स इन द मिरर’मध्ये ते सगळे एकटीने उभे केले. निवाडा तिने दिला नाही. लॉस एंजेलिसच्या दंगलीवरच्या नाटकासाठी तर तिने सुमारे ३०० जणांना बोलतं केलं. तुम्हाला दोघं पुरेत, पण दोघांना सारखाच वेळ द्या.

प्रयोगाच्या आधी एक तालीम त्या माणसासमोर करा. ‘हे काढा’ म्हणाला तर ते वाक्य काढायचं, कितीही टाळ्या मिळणार असल्या तरी.