'इज' की 'आर'? या चुका टाळा, पण मराठी सोडू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : 'द कलर ऑफ द वॉल्स … व्हाइट.' गाळलेल्या जागी 'इज' की 'आर'? बहुतेक हात 'आर'साठी वर जातात. का, असं विचारलं की उत्तर तयार असतं, 'वॉल्स खूप आहेत ना, टीचर.' मग मी त्यांना तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगते. 'भिंतींचा रंग पांढरा आहे.' 'भिंतींचा रंग पांढरे आहेत' असं कुणीही म्हणत नाही.

म्हणजे कर्ता त्यांना बरोबर कळतो, अडतं ते शब्दांच्या क्रमापाशी. मराठीत 'भिंतींचा' आधी येतो आणि 'रंग' क्रियापदाला लागून बसतो. इंग्रजीत 'कलर' पुढे निघून जातो आणि क्रियापदाच्या शेजारी 'वॉल्स' येतात. शेजारचा शब्द कर्ता असतो ही आपली सवय इथे फसवते.

यावर मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय मराठीतच आहे. वाक्यात 'ऑफ' किंवा 'इन' दिसलं की तेवढा भाग मनात मराठीत आणा. जो शब्द शेवटी येईल, तो कर्ता. 'द ट्रीज इन कमाटीबाग' म्हणजे कमाटीबागेतली झाडं. शेवटी झाडं, म्हणून 'आर'. 'द बॉक्स ऑफ मँगोज' म्हणजे आंब्यांची पेटी. शेवटी पेटी, म्हणून 'इज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणजे माझ्या मैत्रिणींपैकी एक. शेवटी एक, म्हणून 'लिव्ह्ज इन रावपुरा', 'लिव्ह' नाही. (आणि 'फ्रेंड्स' अनेकवचनातच हवं. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक मोठ्या माणसांच्या अर्जांतही दिसते.) भल्याभल्यांना गोंधळात टाकणारी जोडीसुद्धा अशीच सुटते. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे अनेक विद्यार्थी, तिथे 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, तिथे 'इज'.

'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' यांचंही तसंच. 'द टीचर, अलाँग विथ द स्टुडंट्स' हे मराठीत 'विद्यार्थ्यांसोबत शिक्षिका' होतं. आली कोण? शिक्षिका. म्हणून 'इज कमिंग'. 'एव्हरीवन'ला मात्र 'सगळे' समजू नका, 'प्रत्येक जण' समजा. प्रत्येक जण येतो, म्हणून 'एव्हरीवन कम्स'.

हे मी इतकं लांबवून सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी आई मला विचारते, 'घरी मराठी बोलणं बंद केलं तर हिचं इंग्रजी सुधारेल का?' बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन महाराज सयाजीराव झाले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंतर ते मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही भाषा शिकले. एक भाषा यावी म्हणून दुसरी टाकावी लागली नाही.

मराठी काही ठिकाणी चकवते, हेही खरं. तिथे कशी चकवते ते मुलाला उघड सांगावं.

'मी लाडू खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी दहा लाडू खाल्ले.' खाणारी मी तीच, पण क्रियापद बदललं, कारण इथे ते कर्माच्या मागे गेलं. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. रस्त्यावर गुजराती ऐकली तरी तेच : 'में लाडवो खाधो', 'में रोटली खाधी'. टीव्हीवर हिंदी लावली तरी तेच : 'मैंने रोटी खाई'. बडोद्याचं मराठी मूल दिवसभर ज्या तीन भाषांत वावरतं, त्या तिन्हींत क्रियापद कधीकधी कर्त्याला सोडून कर्माचं ऐकतं. मग ते 'माय ग्रँडमदर मेक टेन लाडूज' असं लिहितं, तेव्हा ते निष्काळजी नसतं. दहा लाडवांकडे बघून त्याने अनेकवचन केलेलं असतं. त्याला एवढंच सांगायचं की इंग्रजी क्रियापद कर्माकडे वळूनही पाहत नाही. लाडू एक असो की शंभर, आजी 'मेक्स'.

दुसरा चकवा आदराचा. 'बाबा ऑफिसला जातात', 'आजोबा आले'. एका माणसासाठी अनेकवचन, कारण मान द्यायचा आहे. गुजरातीतही 'दादा आव्या'च म्हणतात. म्हणून चांगल्या वळणाची मुलंच जास्त वेळा 'माय फादर गो टु ऑफिस' लिहितात. 'गोज' लिहिताना त्यांना बाबांना 'जातो' म्हटल्यासारखं वाटतं. इंग्रजीत हा मान क्रियापदात नसतो, त्यामुळे 'माय फादर गोज' लिहिल्याने कुणाचा अपमान होत नाही. 'यू'ची गोष्ट इथे मी आवर्जून सांगते. जुन्या इंग्रजीत आपल्या 'तू'सारखा 'दाऊ' होता आणि 'तुम्ही'सारखा 'यू'. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला आणि सगळ्यांना 'यू' लागू झाला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर', 'यू इज' कधीच नाही.

तिसरा चकवा शब्दांच्या वचनाचा, आणि हे शब्द पाठच करावे लागतात. आपले केस लांब असतात, पण 'हर हेअर इज लाँग'. आपल्या बातम्या लागतात, पण 'द न्यूज इज ऑन'. आपले पैसे टेबलावर असतात, पण 'द मनी इज ऑन द टेबल'. आपल्याला पाचशे रुपये पुरे होतात, पण ती एकच रक्कम म्हणून 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ'. उलटही होतं. कात्री एक, तरी 'व्हेअर आर द सिझर्स?' पँट एक, तरी 'माय ट्राउझर्स आर'. आपला पोलीस एकटाही येतो, इंग्रजीत 'द पोलीस आर' असंच. एकटा असेल तर 'अ पोलीसमन'.

'एस'चा घोळ मराठीमुळे नाही, इंग्रजीमुळेच होतो. नामाला 'एस' लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन. मुलं दोन्हीकडे एकच अर्थ लावतात आणि 'द बॉईज प्लेज' होतं. बहुतेक वाक्यांत 'एस' दोघांपैकी एकालाच मिळतो : 'द बॉय प्लेज', 'द बॉईज प्ले'. आणि 'डज' आला की 'एस' त्याच्याकडे गेलेला असतो, म्हणून 'डज शी प्ले', 'शी डज नॉट प्ले'.

'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्ता क्रियापदाच्या पुढे असतो, तो शोधून मगच लिहा. विश्वामित्रीत मगरी आहेत, म्हणून 'देअर आर क्रोकोडाइल्स इन द विश्वामित्री'. 'आयदर… ऑर' आणि 'निदर… नॉर'मध्ये मात्र खरोखरच शेजारच्याचं ऐकायचं : 'निदर माय ब्रदर नॉर माय पेरेंट्स आर अ‍ॅट होम'. 'टीम', 'कमिटी' यांना ब्रिटिश लोक अनेकवचनही वापरतात. परीक्षेत एकवचन ठेवा आणि एका उत्तरात दोन्ही मिसळू नका.

पेपर तपासताना सगळी क्रियापदं चाळत बसू नका. 'वॉज' आणि 'वेअर' सोडले, तर साध्या भूतकाळात हा प्रश्नच येत नाही. 'ही वेन्ट', 'दे वेन्ट', सारखंच. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्यापुढेही काही बदलत नाही. उरतात 'वॉज-वेअर', वर्तमानकाळाची क्रियापदं आणि 'हॅज-हॅव'. त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, मागचा कर्ता मराठीत उलटवून पाहा, आणि शंका आली तिथेच थांबा. माझ्या नववीच्या मुलांना एका निबंधासाठी याला पाच मिनिटं लागतात.