पीएक्सई-ई५३ दिसलं की आधी राउटर शोधा

थिन क्लायंटची, म्हणजे स्वतःची हार्डडिस्क नसलेल्या आणि सर्व्हरवरून उठणाऱ्या मशीनची लॅब लावताना पहिल्या दिवशी टेबलावर सर्व्हर, छोटा स्विच आणि एकच मशीन असतं. ते झटक्यात उठतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वायरिंगवर चोवीस मशीन जोडली की पंधरा उठतात, नऊ अडकतात. बंद करून पुन्हा चालू केली तर भलतीच नऊ अडकतात. नेमकं इथेच नवीन माणूस सर्व्हर फॉरमॅट मारायला बसतो. मारू नका. सर्व्हरचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो, आणि फॉरमॅट मारूनही पुन्हा नऊच अडकणार आहेत.

पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवणं, डीएचसीपी म्हणजे मशीनला आयपी पत्ता वाटणं, टीएफटीपी म्हणजे बूट फाइल पोचवणं, एवढं धरून पुढे जातो. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजीतच करायच्या. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. एलटीएसपी, म्हणजे एका सर्व्हरवरून सगळी मशीन उठवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर, २०१९ मध्ये मुळापासून नव्याने लिहिलं गेलं. ज्या लेखात किंवा व्हिडिओत 'एलटीएसपी-बिल्ड-क्लायंट' ही आज्ञा किंवा 'एलटीएस डॉट कॉन्फ' ही फाइल दिसेल, तो तिथेच बंद करा. जुन्याच्या दोन ओळी आणि नव्याच्या दोन ओळी एकत्र केल्या की असं काही तयार होतं, ज्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. नव्यात मुख्य आज्ञा पाच: एलटीएसपी इमेज, डीएनएसमास्क, एनएफएस, आयपीएक्सई आणि इनिट्रडी. सेटिंग '/ईटीसी/एलटीएसपी/एलटीएसपी डॉट कॉन्फ' मध्ये. इन्स्टॉलेशन अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आता त्या नऊ मशीनकडे या. स्क्रीनवर काय आलंय ते अक्षरन् अक्षर वाचा. 'बूट होत नाही' हे वाचन नव्हे. पीएक्सई-ई६१ म्हणजे वायरच लागलेली नाही. ई५१ म्हणजे मशीनने आयपी मागितला, कुणीच उत्तर दिलं नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं, पण त्यात बूट फाइलचं नाव नव्हतं. ई३२ म्हणजे नाव मिळालं, पण टीएफटीपीवरून फाइल येईना. बहुतेक वेळा सर्व्हरच्या फायरवॉलने यूडीपी ६९ अडवलेला असतो. ई५५ म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपीचा (आयपी न देता फक्त बूटची माहिती देणाऱ्याचा) ४०११ पोर्ट बोलत नाही.

यातला ई५३ सगळ्यांत जास्त छळतो, कारण तो खरं तर चांगली बातमी असतो आणि ती तशी वाचता येत नाही. केबल ठीक, स्विच ठीक, नेटवर्क कार्ड ठीक. फक्त उत्तर देणारा तुमचा सर्व्हर नाही. दुसरंच कुणीतरी आयपी वाटतंय. ब्रॉडबँडचा राउटर आयपी देतो, गेटवे देतो, डीएनएस देतो. पण उठायचं कशावरून हे त्याला ठाऊकच नसतं. मशीनने ओरडून विचारलं आणि दोघांनी उत्तर दिलं, की ज्याचं आधी पोचलं त्याचं बहुतेक मशीन ऐकतात. म्हणून दर वेळी वेगळी नऊ अडकतात. ही शर्यत आहे.

आणि ती एकदाच होत नाही. बूट होताना मशीन आयपी पुन्हा पुन्हा मागतं: आधी कार्डाचा रॉम, मग सर्व्हरवरून आलेला बूट प्रोग्रॅम आयपीएक्सई, मग लिनक्सचा सुरुवातीचा छोटा भाग इनिट्राम. त्यामुळे पहिल्या फेरीत तुमचा सर्व्हर जिंकतो, मेनू दिसतो, तुम्ही खूश. आणि पुढच्या फेरीत राउटर जिंकतो, मशीन काळ्या स्क्रीनवर थांबतं. मग माणूस इमेज (क्लायंट जिच्यावर चालतात ती सिस्टीमची प्रत) खराब झाली म्हणून इमेज पुन्हा बांधत बसतो. इमेज ठीक असते हो.

हा दुसरा डीएचसीपी लपतो कुठे? स्टाफरूममध्ये. वायफायची रेंज येत नाही म्हणून घरचा जुना राउटर कुणीतरी आणलेला असतो आणि त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येण्याच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टात शाळेची वायर खुपसलेली असते. इंटरनेट चालतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. किंवा एखाद्या सरांच्या विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलेलं असतं. अडकलेल्या मशीनला मिळालेला पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर डोळे झाकून लॅपटॉप शोधा, विंडोजचं शेअरिंग हाच पत्ता वाटतं.

पकडायचा कसा तेही नीट सांगतो. सर्व्हरवर नुसता टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून भागत नाही, कारण राउटरचं उत्तर थेट त्या मशीनच्या मॅकवर, म्हणजे कार्डाच्या पत्त्यावर गेलं तर स्विच ते तुमच्या पोर्टावर पाठवतच नाही. तुम्हाला सगळं शांत दिसतं आणि तुम्ही फसता. लॅबच्या स्विचला एक लिनक्स लॅपटॉप लावा आणि सुडो देऊन 'एनमॅप --स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर' चालवा, चार-पाच वेळा. हा स्वतःच आयपी मागतो, म्हणून उत्तर त्यालाच येतं. 'सर्व्हर आयडेंटिफायर' या ओळीत एकदा जरी परका पत्ता आला तरी चोर सापडला. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. तुमची लॅब १९२.१६८.६७ वर असेल तर त्याला पिंग जाणार नाही. आधी लॅपटॉपच्या कार्डाला जास्तीचा पत्ता द्या: 'आयपी अ‍ॅडर अ‍ॅड १९२.१६८.१.२५०/२४ डेव्ह' आणि पुढे कार्डाचं नाव. आता पिंग चालू ठेवून स्विचवरची एकेक वायर उपटा. ज्या वायरीला पिंग थांबेल, तिच्या दुसऱ्या टोकाला तो डबा आहे. वायर धरून चालत जा.

उपाय दोन आहेत आणि त्यांची खिचडी करायची नाही. सर्व्हरला एकच नेटवर्क कार्ड असेल तर आयपी राउटरलाच वाटू द्या, सर्व्हरने फक्त बूटची माहिती द्यायची. नुसतं 'एलटीएसपी डीएनएसमास्क' हेच करतं. मात्र सर्व्हरचा स्वतःचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा. दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरला दोन कार्डं: एक राउटरकडे, दुसरं १९२.१६८.६७.१ या पत्त्यावर लॅबच्या स्विचकडे, आणि 'एलटीएसपी डीएनएसमास्क --प्रॉक्सी-डीएचसीपी=०'. लॅबच्या स्विचमधून बाहेर एकही वायर नाही. माझं मत विचाराल तर शाळेत दुसराच. कारण आज सापडलेला राउटर तुम्ही काढाल, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर कुणीतरी नवीन लावणारच. एक मात्र, राउटरची वायर चालू असताना प्रॉक्सी बंद करून एकाच कार्डावर काम भागवायला जाऊ नका. तीच शर्यत पुन्हा सुरू.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल आणि ई५१ येत असेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे वायरींचं वेटोळं रोखणारी स्विचची सोय बघा. पोर्ट चालू झाल्यावर जुन्या पद्धतीत १५ अधिक १५ असे ३० सेकंद तो काही पुढे जाऊ देत नाही. तेवढ्यात मशीन कंटाळतं. मशीनच्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. एवढंच.

केबलबद्दल मात्र कडक बोलायला हवं. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका. क्रिंप करताना क्रम: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'दोन्ही टोकांना सारखाच क्रम लावला की झालं, रंग कुठलेही' असं सांगणारे उस्ताद प्रत्येक गावात भेटतात. तसं केल्यावर साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, कारण टेस्टर फक्त टोकाला टोक मिळालं का ते बघतो. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची असावी लागते. ती वेगवेगळ्या पिळांतून गेली की सिग्नल एकमेकांत मिसळतो, आणि मशीन कधी चालतं, कधी अर्ध्यात मरतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक जोडी सैल असेल तर लिंक १०० वर उतरते किंवा लागतच नाही. म्हणून सर्व्हरवर 'ईथटूल' चालवून स्पीडची ओळ बघा. तिथे १००० हवं.

का, तर हिशोब करा. डेस्कटॉप येईपर्यंत एक मशीन साधारण ३५० एमबी ओढतं असं धरा. वीस मशीन म्हणजे ७ जीबी. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे मिनिटभरात काम होतं. सर्व्हरचीच वायर १०० वर पडली तर सेकंदाला ११ एमबी, दहा मिनिटांच्या वर. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो! पैसे कमी असतील तर प्रोसेसरवर वाचवा; या पद्धतीत प्रोग्रॅम क्लायंटच्याच प्रोसेसरवर चालतात. सर्व्हरला चार कोर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी बस्स. स्विच सगळाच्या सगळा गिगाबिट.

क्लायंटला मात्र ४ जीबी रॅम द्या. २ जीबीवर लिब्रेऑफिस चालतं, ब्राउझरच्या पाच टॅब उघडल्या की मशीन गोठतं. हार्डडिस्क नाही म्हणजे स्वॅपही (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) नाही, आणि होम, म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा फोल्डर सोडून जे काही लिहिलं जातं ते रॅममध्येच साठतं.

लॉगिनच्या आणि त्याच्या आसपासच्या तक्रारी तीन कारणांनी येतात. नवीन विद्यार्थी जोडल्यावर 'एलटीएसपी इनिट्रडी' चालवून क्लायंट रीस्टार्ट केला नाही, हे पहिलं. वापरकर्त्यांची यादी आणि सर्व्हरच्या एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) किल्ल्या त्यातूनच जातात. दुसरं, कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली एसएसएचमधलं पासवर्ड लॉगिन बंद केलं. क्लायंटचं लॉगिन एसएसएचवरूनच होतं, त्यामुळे सगळी लॅब एका फटक्यात बाहेर. तिसरं, घड्याळ. जुन्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी संपली की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रमाणपत्रावरून कुरकुर करतो, आणि बायोसचा बूट क्रमही मूळपदावर जातो. नवीन मशीनवर बायोसमध्ये सिक्युअर बूट (मान्य सही नसलेली बूट फाइल अडवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर आयपीएक्सईची फाइल ते नाकारतं. सॉफ्टवेअर टाकल्यावर 'एलटीएसपी इमेज /' लागतं; ते चालू तासात करू नका, सगळे कोर त्यात गुंततात.

आपल्या भागाचं थोडं. सांगलीत नदीकाठच्या भागात सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचा नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुराच्या बातम्या सुरू झाल्यावर रॅक उचलायला माणसं मिळत नाहीत. साताऱ्याकडे आणि जत-आटपाडीकडे वळवाच्या विजा. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढली असेल तर जवळ वीज पडल्यावर दोन्हीकडचे स्विच जातात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे), घासाघीस नाही.

सराव घरी होतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सर्व्हरला दोन कार्डं द्या, एक नॅट, एक इंटर्नल नेटवर्क. क्लायंटला फक्त इंटर्नल, २०४८ एमबी रॅम, बूट क्रमात नेटवर्क पहिलं. ते उठलं की मुद्दाम तिसरं मशीन बनवून त्या इंटर्नल नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी चालू करा आणि बिघडलेलं कसं दिसतं ते बघा.

आणि गुरू निवडताना एवढं बघा. रिमोटवर येऊन दोन मिनिटांत काहीतरी करून 'झालं, बघ' म्हणणारा चांगला माणूस असेल, पण शिकवणारा नाही. 'स्क्रीनवर काय आलंय ते वाच' असं म्हणून गप्प बसणारा धरा. त्याचा राग येईल. येऊ द्या. सुरुवातीला एका ई५३ ला दोन दिवस लागतात, सगळ्यांनाच लागतात, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या लॅबला तोच राउटर अर्ध्या तासात सापडतो.